बॅकअप परत आला, जुनं सगळं दिसतंय. मग नवीन नोंद का होत नाहीये?

विरार पूर्वेला चंदनसारच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहा आणि जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचा. एमएच ४८ सगळीकडे दिसेल. हा वसई आरटीओचा कोड. मधूनच एखादी जुनी गाडी एमएच ०४ ची, म्हणजे ठाण्याची. वसई तालुका आधी ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

आता कोडनंतरचा भाग बघा. एक किंवा दोन अक्षरं आणि चार आकडे. आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात. ९९९९ झालं की आरटीओ पाचवा आकडा जोडत नाही, पुढची अक्षरं घेऊन नवी सिरीज सुरू करतं. आय आणि ओ ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. उरली २४ अक्षरं. दोन अक्षरांच्या जोड्या होतात ५७६, आणि प्रत्येक जोडीत ९,९९९ गाड्या. म्हणजे कागदावर ५७,५९,४२४ गाड्यांची सोय.

हे सगळं कुणीतरी आधी बसून ठरवलेलं आहे. आकडा कुठून सुरू होणार, कितीने वाढणार, कुठे थांबणार आणि थांबल्यावर काय करायचं. डेटाबेसमध्ये हेच काम करणाऱ्या गोष्टीला 'सिक्वेन्स' म्हणतात. तुमचा ऑर्डर नंबर, तक्रार क्रमांक, हॉस्पिटलचा केसपेपर नंबर, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीचा नंबर, यातले बरेचसे असल्याच एखाद्या मोजणी यंत्रातून आलेले असतात.

आरटीओत सिरीज संपत आली की माणसांना ते कळतं, फॅन्सी नंबरवाले तर नव्या सिरीजची वाटच बघत असतात. डेटाबेसमधला सिक्वेन्स संपत आलाय हे मात्र सहसा कुणालाच माहीत नसतं. आणि बॅकअप घेताना किंवा तो परत चढवताना या सिक्वेन्सचे नियम हरवले, तर ते त्याहून उशिरा कळतं.

एक लॅब, रोज ९० सॅम्पल

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यातली प्रत्येक पायरी रोज कुठे ना कुठे घडते.

समजा चंदनसार नाक्याजवळ एक पॅथॉलॉजी लॅब आहे. दिवसाला साधारण ९० सॅम्पल येतात. प्रत्येक सॅम्पलला नंबर मिळतो, तो छोट्या स्टिकरवर छापून ट्यूबवर चिकटवला जातो. स्टिकर एवढासा, त्यावर पाच आकडेच मावतात. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने शहाणपणाने सिक्वेन्सला मर्यादा घातली: ९९,९९९ च्या पुढे जायचं नाही. रोज ९० च्या हिशेबाने ही मर्यादा १,१११ दिवसांनी गाठली जाईल, म्हणजे तीन वर्षांहून थोडं जास्त. तोवर बघू.

दोन-अडीच वर्षांनी पावसाळ्यात दुकानात पाणी शिरतं, कॉम्प्युटर जातो. वसई-विरारमध्ये हे काही वेगळं समजावून सांगायला नको. पण बॅकअप आहे! नवीन मशीन येतं, बॅकअप चढवला जातो, जुने रिपोर्ट दिसायला लागतात आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आलेल्या पेशंटांची रांग लागलेली असते आणि काउंटरवरची मुलगी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावते: "दादा, जुने रिपोर्ट सगळे दिसतायत. पण नवीन पेशंट घेतच नाहीये. सारखा एरर येतोय."

काय झालं असेल? शक्यता तीन आहेत, आणि तिन्हींमध्ये बॅकअपचं काम 'यशस्वी झालं' असाच मेसेज आलेला असू शकतो.

पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी शक्यता: नोंदी आल्या, मोजणी यंत्राचा आकडा आला नाही. कुणी टेबलमधला डेटा एक्सेलसारख्या साध्या फाइलमध्ये काढला आणि नव्या मशीनमध्ये भरला, तर सिक्वेन्स तिथे नव्याने तयार होतो आणि १ पासून सुरू होतो. टेबलमध्ये १ नंबर आधीच आहे. डेटाबेस म्हणतो, हा नंबर घेतलेला आहे. पुन्हा बटण दाबलं की तो २ देतो, तोही घेतलेला. यातली गंमत म्हणजे सिक्वेन्स दिलेला आकडा परत घेत नाही, त्यामुळे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला तो एकाने पुढे सरकतो. कुणी ऐंशी हजार वेळा बटण दाबायला तयार असेल तर प्रश्न आपोआप सुटेल.

याचा उपाय सोपा आहे. टेबलमधला सगळ्यात मोठा नंबर बघायचा आणि सिक्वेन्सला त्याच्या पुढे आणून ठेवायचं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं 'पीजी-डंप' नावाचं बॅकअप टूल नीट वापरलं तर ते हे स्वतःच करतं. बॅकअप फाइलच्या शेवटाकडे प्रत्येक सिक्वेन्ससाठी 'सेटव्हॅल' अशी एक ओळ असते आणि तिच्यात शेवटचा वापरलेला आकडा असतो. अडचण शॉर्टकटची आहे. पोस्टग्रेसच्याच लॉजिकल रेप्लिकेशन या सोयीत, निदान १७ व्या आवृत्तीपर्यंत, टेबलमधल्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर जातात पण सिक्वेन्सचा आकडा जात नाही. हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. ती वाचायची वेळ मात्र बहुतेकांवर सर्व्हर पडल्यावरच येते.

दुसरी शक्यता: आकडा आला, पण मर्यादा भरलेली आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट, कारण तिच्यात एरर येतच नाही. फोनही येत नाही. लॅब व्यवस्थित चालू राहते. आकडा आला, पण ९९,९९९ ची मर्यादा मागेच राहिली. नव्या सिक्वेन्सने त्याची स्वतःची ठरलेली, प्रचंड मोठी मर्यादा घेतली. काही महिन्यांनी सॅम्पल नंबर १,००,००० होतो. स्टिकरवर पाचच आकडे मावतात, सहावा कापला जातो. मग १,००,०१२ नंबरच्या ट्यूबवर छापलं जातं १०००१, आणि १,००,०१७ नंबरच्या ट्यूबवरही छापलं जातं १०००१. दोन माणसं, दोन ट्यूब, एक नंबर. एकाची शुगर दुसऱ्याच्या रिपोर्टवर.

मर्यादा जागेवर असती तर लॅब त्या दिवशी बंद पडली असती. चिडचिड झाली असती, पेशंट परत गेले असते. मला विचाराल तर हे परवडलं.

'डीफॉल्ट' म्हणजे नेमकं किती?

आता मुख्य मुद्द्याकडे. तुम्ही सिक्वेन्स बनवताना मर्यादा सांगितलीच नाही, तर डेटाबेस स्वतःची मर्यादा लावतो. तीच डीफॉल्ट. आपल्याला वाटतं डीफॉल्ट म्हणजे एखादा ठरलेला आकडा असेल. तसं नाही.

पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा सिक्वेन्स कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरते. 'स्मॉलइंट' असेल तर ३२,७६७. 'इंटिजर' असेल तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २१४ कोटी ७४ लाखांच्या वर. 'बिगइंट' असेल तर ९२२३३७२०३६८५४७७५८०७, जो मी वाचून दाखवणार नाही. ९२२ लिहून पुढे सोळा शून्यं द्या, साधारण तेवढा. हे विचित्र आकडे येतात कारण कॉम्प्युटर दोनच्या पटीत मोजतो. इंटिजरला ३२ खाने असतात, त्यातला एक अधिक-उणे चिन्हात जातो आणि उरलेल्या ३१ खान्यांत एवढंच मावतं.

यातलं किती पुरतं? आपल्या लॅबला रोज ९० च्या हिशेबाने स्मॉलइंट ३६४ दिवस पुरेल. इंटिजर हजारो वर्षं पुरेल. पण एखाद्या ॲपवर सेकंदाला १०० नोंदी होत असतील, म्हणजे लाइक, क्लिक, मेसेज असलं काही, तर तोच इंटिजर २४८ दिवसांत संपतो. बिगइंट मात्र सेकंदाला १० लाख नोंदी झाल्या तरी सुमारे २ लाख ९२ हजार वर्षं चालेल. त्याची काळजी आपल्या नातवंडांनीही करायची गरज नाही.

आता बॅकअप टूलसमोरचा पेच बघा. पीजी-डंप बॅकअप फाइलमध्ये सिक्वेन्सची कुंडली लिहितं: प्रकार, सुरुवात, किती टप्प्याने वाढतो, किमान, कमाल. पण मर्यादा डीफॉल्टइतकीच असेल तर ते आकडा लिहीत नाही, 'नो मॅक्सव्हॅल्यू' म्हणजे 'कमाल मर्यादा सांगितलेली नाही' असं लिहितं. त्यासाठी टूलला आधी हिशेब करावा लागतो की या प्रकारासाठी डीफॉल्ट किती. सिक्वेन्स चढता आहे की उतरता हेही बघावं लागतं. उतरता असेल तर तो उणे एकपासून खाली जातो आणि सगळं उलटं होतं. आणि सिक्वेन्स बिगइंट असेल तर फाइलमध्ये प्रकारच लिहिला जात नाही, कारण काही लिहिलं नाही की बिगइंट असंच धरलं जातं.

म्हणजे बॅकअप फाइलमध्ये काही गोष्टी न लिहूनच सांगितलेल्या असतात. वाचणारा डेटाबेस तोच असेल तर काही बिघडत नाही. वाचणारा बदलला की गोंधळ सुरू होतो.

पोस्टग्रेसच्याच इतिहासातलं एक छोटं उदाहरण यासाठी मस्त आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीआधी उतरत्या सिक्वेन्सची डीफॉल्ट किमान मर्यादा शक्य असलेल्या सगळ्यात लहान आकड्यापेक्षा एकाने जास्त होती. का, तर ते कुणाला धड आठवत नव्हतं. १० व्या आवृत्तीत ती दुरुस्त करून पूर्ण पल्ला दिला गेला. फरक फक्त एकाचा, त्याने कुणाचं काही बिघडलं असेल असं वाटत नाही. पण जुन्या टूलने 'किमान मर्यादा सांगितलेली नाही' असं लिहिलेली फाइल नव्या आवृत्तीत चढवली की अर्थ बदलला. फाइलमधलं एकही अक्षर न बदलता.

याच १० व्या आवृत्तीत सिक्वेन्सला प्रकार देण्याची सोय आली. त्याआधी सगळे सिक्वेन्स बिगइंटच्या मापाचेच असायचे, मग कॉलम इंटिजर असला तरी. म्हणजे नळाला भलीमोठी टाकी जोडलेली, पण खाली बादली छोटी. बादली भरली की 'आकडा पल्ल्याबाहेर' असा एरर यायचा. आता सिक्वेन्सही इंटिजर असतो आणि 'सिक्वेन्सची कमाल मर्यादा गाठली' असा एरर येतो. प्रश्न तोच, मेसेज वेगळा. जुन्या आवृत्तीतून बॅकअप घेऊन नव्यात आलेल्यांकडे आजही मोठी टाकी, छोटी बादली असू शकते.

ब्रँड बदलला की?

एकाच डेटाबेसच्या दोन आवृत्त्यांत हे, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये काय असेल!

ओरॅकलमध्ये चढत्या सिक्वेन्सची डीफॉल्ट कमाल मर्यादा आहे २८ वेळा ९. हा आकडा पोस्टग्रेसच्या बिगइंटमध्ये मावतच नाही. त्यामुळे ओरॅकलमधून पोस्टग्रेसमध्ये येताना कुणीतरी, टूलने किंवा माणसाने, ठरवावं लागतं की हे २८ नऊ म्हणजे 'मालकाने मुद्दाम घातलेली मर्यादा' नसून 'मर्यादा नाही' असं म्हणायचंय. मारियाडीबीमध्ये २०१८ मध्ये, १०.३ आवृत्तीपासून सिक्वेन्स आले आणि तिथे डीफॉल्ट कमाल बिगइंटपेक्षा एकाने कमी आहे: शेवटचा आकडा ७ ऐवजी ६. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर तर आणखी वेगळा. तिथे काहीच न सांगता सिक्वेन्स बनवला तर तो १ पासून सुरूच होत नाही, बिगइंटच्या तळापासून, म्हणजे उणे ९२२ आणि पुढे सोळा आकडे, तिथून सुरू होतो. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला आपण काहीतरी फोडलं असं वाटल्याशिवाय राहत नाही.

वेबसाइटवाल्यांच्या रोजच्या ओळखीच्या मायएसक्यूएलमध्ये वेगळा सिक्वेन्स नसतो, टेबलच्या कॉलमलाच 'ऑटो इन्क्रिमेंट' असतं. बॅकअप फाइलमध्ये टेबलच्या वर्णनातच पुढचा आकडा लिहिलेला असतो. तिथे साधा इंट भरला की येणारा एरर फसवा आहे: '२१४७४८३६४७ ही नोंद आधीच आहे.' वाचणारा डुप्लिकेट शोधत बसतो, खरं तर मोजणी संपलेली असते.

मोठ्यांचंही होतं

बेसकॅम्प ही ऑफिसची कामं सांभाळणारी प्रसिद्ध अमेरिकी ऑनलाइन सेवा. ८ नोव्हेंबर २०१८ ला ती जवळपास पाच तास 'फक्त वाचा' अवस्थेत अडकली. लोकांना जुनं सगळं दिसत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. आपल्या लॅबसारखंच. वापरकर्त्यांच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणाऱ्या टेबलमधला इंटिजर कॉलम २१४ कोटींच्या वर जाऊन संपला होता.

यात खरी बोच वेगळीच आहे. रूबी ऑन रेल्स ही वेबसाइट बनवायची चौकट बेसकॅम्पचेच डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी घडवलेली. त्या चौकटीने २०१७ मध्ये डीफॉल्ट बदलून बिगइंट केला होता, याच धोक्यासाठी. पण डीफॉल्ट बदलला तर तो नव्या टेबलांना लागू होतो. आधी बनलेलं टेबल जुन्याच मापाचं राहतं, जोवर कुणी हाताने बदलत नाही. त्यांनी स्वतःच्याच जुन्या टेबलचं माप बदललं नव्हतं. कंपनीने जाहीर माफी मागितली.

बॅकअप टूलच्या आवृत्तीचा घोळ बघायचा असेल तर गिटलॅबचा किस्सा आहे. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका कर्मचाऱ्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडाला. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि पीजी-डंप चालत होतं ९.२ चं. जुनं टूल नव्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायला नकार देतं, ते रोज अपयशी ठरत होतं, आणि त्याचे इशाऱ्याचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. हा सिक्वेन्सचा किस्सा नाही, पण टूल आणि डेटाबेसची आवृत्ती जुळतेय का हे न बघण्याची किंमत यातून कळते.

मग करायचं काय?

तुम्ही स्वतः डेटाबेस हाताळत असाल, किंवा तुमच्या दुकानाचं, क्लासचं, सोसायटीचं सॉफ्टवेअर कुणी सांभाळत असेल, तर त्यांना काही गोष्टी विचारता येतील.

पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून 'पीजी-सिक्वेन्सेस' नावाची एक तयार यादी मिळते. तिच्यात प्रत्येक सिक्वेन्सचा शेवटचा आकडा आणि कमाल मर्यादा शेजारी-शेजारी दिसते. भागाकार केला की किती टक्के संपलंय ते कळतं. पण एवढ्यावर थांबू नका, तो आकडा ज्या कॉलममध्ये जातो त्याचा प्रकारही बघा. टाकी आणि बादली, यातलं जे छोटं तीच खरी मर्यादा. मोजताना टेबलमधल्या नोंदींची संख्या बघून अंदाज बांधू नका. रद्द झालेल्या, फसलेल्या व्यवहारांतही आकडे खर्च होतात, त्यामुळे एक कोटी नोंदींच्या टेबलचा सिक्वेन्स पाच कोटींवर असू शकतो.

मर्यादा वाढवायची ठरवली तर इथे एक खाच आहे. जुन्या 'सीरियल' पद्धतीच्या कॉलमचा प्रकार बिगइंट केला तरी त्याचा सिक्वेन्स इंटिजरच राहतो. तो वेगळा बदलावा लागतो. तो बदलताना पोस्टग्रेस बघतं की आधीची मर्यादा जुन्या प्रकाराच्या डीफॉल्टइतकीच होती का. असेल तर तीही आपोआप वाढते. ९९,९९९ सारखी हाताने घातलेली असेल तर तिला हात लावत नाही. वागणूक योग्यच आहे, पण डेटाबेसला तुमचा हेतू माहीत नसतो, फक्त आकडा माहीत असतो. तुम्ही मुद्दाम, विचार करून बरोबर २१४७४८३६४७ हीच मर्यादा इंटिजर सिक्वेन्सला घातली असेल, तर टूलच्या लेखी ती डीफॉल्टच. बॅकअपमध्ये ती 'सांगितलेली नाही' म्हणूनच लिहिली जाणार. अशी मर्यादा खरंच महत्त्वाची असेल तर ती सिक्वेन्सवर न सोडता टेबलवरच नियम म्हणून लावा.

'सायकल' नावाचा एक पर्याय असतो, ज्याने मर्यादा गाठल्यावर सिक्वेन्स पुन्हा सुरुवातीला येतो. टोकन नंबरसाठी ठीक. केसपेपर, सॅम्पल, पावतीसाठी कुणी सुचवला तर नाही म्हणा.

नव्या आवृत्तीत जायचं असेल तर बॅकअप नव्या आवृत्तीच्या पीजी-डंपने घ्या. पोस्टग्रेसची माहितीपुस्तिकाही तेच सुचवते. ब्रँडच बदलायचा असेल तर प्रत्येक सिक्वेन्सची किमान, कमाल, सुरुवात आणि शेवटचा आकडा एका कागदावर उतरवून घ्या आणि नव्या जागी आकड्यांतच लिहा, 'डीफॉल्ट' म्हणून सोडू नका.

आणि बॅकअप चढवून झाला की जुने रिपोर्ट उघडून बघणं पुरेसं नाही. एक खोटी नवीन नोंद करा. तिला कोणता नंबर मिळाला ते बघा, स्टिकर छापून बघा, मग ती नोंद काढून टाका. हे रात्रीच करा, सकाळी सात वाजता उपाशीपोटी लोक यायच्या आत.